गिटार वाजली, पहिला क्रमांक हुकला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात हुकलं म्हणजे नेमकं किती?

अमेरिकेच्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीवर किंवा ब्रिटनच्या अधिकृत सिंगल्स चार्टवर (सिंगल म्हणजे एकेका गाण्यासाठी विकलेली रेकॉर्ड) दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि तिथेच अडलं, असं गिटारवाल्यांचं गाणं. त्याखाली राहिलेली मोठी गाणी पुष्कळ आहेत. डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' अमेरिकेत चौथं आलं, लेड झेपलिनचं 'होल लोट्टा लव्ह' चौथं, निर्वाणाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' सहावं. त्यांच्याबद्दलची हळहळ वेगळी. इथे दुसऱ्या क्रमांकाचाच हिशेब आहे, एक अपवाद सोडून. तो पुढे येईल.

हा क्रमांक ठरवतं कोण आणि कसा?

बिनाका गीतमाला आठवत असेल तर अर्धं उत्तर तुमच्याकडेच आहे. रेकॉर्ड किती खपली आणि लोकांनी फर्माइश किती केली, यावरून पायदान ठरायचं. हॉट १०० चा मूळ नमुनाही फार वेगळा नाही. ऑगस्ट १९५८ मध्ये ती यादी सुरू झाली तेव्हापासून दुकानातली विक्री आणि रेडिओवरचं वाजणं यांची बेरीज केली जात आली आहे; अलीकडे त्यात ऑनलाइन ऐकणंही धरतात. फरक पडला तो मोजण्याच्या पद्धतीत. १९९१ च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत दुकानदार आणि रेडिओवाले 'आमच्याकडे काय चाललंय' हे स्वतः कळवत, आणि त्यावर भरवसा ठेवावा लागे. नंतर बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली.

ब्रिटनमध्ये वेगळाच घोळ होता. साठच्या दशकात न्यू म्युझिकल एक्स्प्रेस, मेलडी मेकर, रेकॉर्ड रिटेलर अशी प्रत्येक साप्ताहिकाची आपली यादी होती, आणि बीबीसी त्यांची सरासरी काढून तिसरंच काहीतरी सांगायची. आज 'अधिकृत' म्हणून जो इतिहास छापला जातो, त्यात १९६० ते १९६९ या काळासाठी रेकॉर्ड रिटेलरची यादी धरली आहे. हा निर्णय नंतरचा. त्या काळातल्या वाचकाला ती अनेकांपैकी एक यादी होती, इतकंच.

हे आधी सांगायचं कारण असं की पुढच्या बहुतेक उत्तरांत गाण्यात काही कमी होतं असं सापडणार नाही. कमी पडला तो आठवडा, नाहीतर मोजणारा.

म्हणजे बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' पहिलं होतं की दुसरं?

दोन्ही. नोव्हेंबर १९६२ मध्ये रेकॉर्डिंग संपल्यावर निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी कंट्रोल रूममधून पोरांना सांगितलं होतं की तुम्ही आत्ता तुमचं पहिलं नंबर वन गाणं केलंत. जानेवारी १९६३ मध्ये ते बाजारात आलं आणि मेलडी मेकरच्या यादीत पहिलं ठरलंही. रेकॉर्ड रिटेलरमध्ये मात्र ते फ्रँक आयफील्डच्या 'द वेवर्ड विंड'च्या मागे दुसरं राहिलं. म्हणूनच २००० साली बीटल्सच्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांचा जो संग्रह निघाला, त्यात ते नाही. मार्टिन यांचं भाकीत खरं की खोटं, हे तुम्ही कुठलं साप्ताहिक उघडता त्यावर आहे.

बीटल्सचं आणखी एक. १९६७ मध्ये 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंवर निघाली आणि ब्रिटनमध्ये दुसरीच राहिली. वर होता एंगलबर्ट हम्परडिंक आणि त्याचं 'रिलीज मी'. हा गृहस्थ जन्मला मद्रासमध्ये.

सगळ्यात दुर्दैवी बँड कुठला?

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल. यावर वाद घालायचा असेल तर आकडे घेऊन या.

कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटो गावची ही चार मुलं: जॉन फोगर्टी, त्याचा थोरला भाऊ टॉम, बेसवर स्टू कुक आणि ड्रमवर डग क्लिफर्ड. १९६९ आणि १९७० या दोन वर्षांत त्यांच्या पाच सिंगल्स हॉट १०० वर दुसऱ्या क्रमांकाला गेल्या. पहिल्या क्रमांकावर एकही नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

'प्राउड मेरी'च्या वाटेत आलं टॉमी रोचं 'डिझी', गोडगोड आणि गरगर फिरणारं. 'बॅड मून रायझिंग'च्या पुढे हेन्री मॅन्सिनीचं रोमिओ-ज्युलिएटचं प्रेमसंगीत, म्हणजे शब्दही नसलेली ऑर्केस्ट्राची धून. 'ग्रीन रिव्हर'ला अडवलं 'शुगर, शुगर'ने, आणि इथे हसावं की रडावं कळत नाही. ते गाणं आर्चीजचं. हो, तेच कॉमिक्समधले आर्ची, बेटी, व्हेरॉनिका. प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या, टीव्हीवरच्या कार्टून बँडचं. स्टुडिओत रॉन डांटे नावाचा गायक गात होता आणि पडद्यावर चित्रं नाचत होती. बिलबोर्डने १९६९ चं वर्षातलं सर्वांत मोठं गाणं म्हणून नोंदवलं तेही हेच.

१९७० मध्ये 'ट्रॅव्हलिन बँड' आणि 'हू'ल स्टॉप द रेन' एकाच रेकॉर्डवर आली. तोवर बिलबोर्डने नियम बदलला होता. आधी दोन्ही बाजूंची गाणी वेगवेगळी मोजायचे, नोव्हेंबर १९६९ पासून एकत्र मोजू लागले. म्हणजे या खेपेला क्रीडन्सच्या पाठीशी दोन गाण्यांचं बळ होतं. समोर उभं राहिलं सायमन आणि गारफंकलचं 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'. तिथे हरण्यात लाज नाही. वर्षाच्या उत्तरार्धात 'लुकिन आउट माय बॅक डोअर'च्या पुढे डायना रॉस गेली, 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' घेऊन.

पाच खेपा, पाच वेगळे प्रतिस्पर्धी आणि पाच वेगळ्या जातीचं संगीत. यातून 'रॉकला लोक कंटाळले होते' असा काही निष्कर्ष काढता येत नाही. हा बँड इतक्या भराभर रेकॉर्ड काढत होता (१९६९ या एका वर्षात तीन अल्बम) की प्रत्येक खेपेला कुणी ना कुणी आपल्या भरातला समोर यायचाच. ब्रिटनने मात्र थोडा न्याय केला. 'बॅड मून रायझिंग' तिकडे सप्टेंबर १९६९ मध्ये तीन आठवडे पहिलं होतं.

दुसऱ्या क्रमांकावर सर्वात जास्त काळ कोण अडकलं?

फॉरेनर. 'वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू' १९८१ च्या नोव्हेंबरअखेर दुसऱ्या क्रमांकावर आलं आणि दहा आठवडे तिथेच बसलं. त्यातले नऊ आठवडे वर ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं 'फिजिकल' होतं. ते एकदाचं हललं, आणि दहाव्या आठवड्यात हॉल अँड ओट्सचं 'आय कान्ट गो फॉर दॅट' मागून येऊन थेट पहिलं झालं. नावातच 'वाट पाहतोय' म्हटल्यावर आणखी काय होणार, हा विनोद गेली चाळीस वर्षं चालू आहे. २००२-०३ मध्ये मिसी एलियटच्या 'वर्क इट'नेही दुसऱ्या क्रमांकावर दहा आठवडे काढले, पण ते हिप-हॉप.

काटेकोर बोलायचं तर फॉरेनरचं हे गाणं गिटारचं नाहीच. त्यातला तो धुक्यासारखा सिंथेसायझर थॉमस डॉल्बीने वाजवलाय. गिटारवाल्या बँडचं आहे म्हणून यादीत घेतलं. बँडला पहिला क्रमांक मिळाला तो १९८५ मध्ये, 'आय वाँट टू नो व्हॉट लव्ह इज'साठी. तेही संथच.

'गॉड सेव्ह द क्वीन' मुद्दाम पाडलं गेलं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आधी घटनाक्रम पाहू.

मार्च १९७७ मध्ये सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडने बकिंगहॅम राजवाड्याबाहेर टेबल मांडून ए अँड एम कंपनीशी करार केला. आठवडाभरातच कंपनीने हात झटकले आणि या गाण्याच्या छापलेल्या बहुतेक रेकॉर्ड नष्ट करवल्या. मग व्हर्जिन या दुसऱ्या कंपनीने मे महिन्याच्या शेवटी तेच गाणं बाजारात आणलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाची पंचवीस वर्षं साजरी होणार होती, गल्लोगल्ली पताका लागलेल्या. अशा वेळी राष्ट्रगीताचंच नाव घेऊन राजसत्तेला शिव्या घालणारी रेकॉर्ड. बीबीसीने वाजवायला नकार दिला, खासगी रेडिओवरही बंदी आली. सात जूनला बँडने थेम्सवर बोट भाड्याने घेऊन वाजवलं. बोटीचं नावही 'क्वीन एलिझाबेथ'. पोलिसांनी बोट धक्क्याला लावायला लावली आणि काही जणांना पकडलं.

त्या आठवड्याच्या अधिकृत यादीत पहिला रॉड स्ट्युअर्ट, 'आय डोन्ट वाँट टू टॉक अबाउट इट', दुसरे पिस्टल्स. न्यू म्युझिकल एक्स्प्रेसच्या यादीत पिस्टल्स पहिले. काही ठिकाणी लावलेल्या यादीत तर दुसऱ्या क्रमांकासमोरची जागा कोरीच सोडलेली होती.

मुद्दाम पाडलं असं म्हणणाऱ्यांचा मुख्य दावा असा, की रेकॉर्ड कंपन्यांच्या मालकीच्या दुकानांतली विक्री त्या आठवड्यापुरती मोजणीतून वगळली. व्हर्जिनची स्वतःची दुकानं होती आणि ही रेकॉर्ड तिथेच धडाक्याने खपत होती, त्यामुळे याचा फटका कुणाला बसणार हे उघड आहे. दावा सिद्ध झालेला नाही. माझं मत विचाराल तर संशयाला जागा भरपूर आहे, आणि ज्या यादीला गाण्याचं नाव छापायचीही हिंमत होत नव्हती तिच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवणंही अवघड आहे.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मागे पडते: पिस्टल्सच्या स्टीव्ह जोन्सची गिटार. पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचा धांगडधिंगा, असा समज असलेल्यांनी हेडफोन लावून ही रेकॉर्ड ऐकावी. गिटारचे थर एकावर एक इतके घट्ट बसवले आहेत की फट सापडत नाही.

'लुई लुई'चा एफबीआयशी काय संबंध?

पोर्टलंडच्या किंग्समेन बँडने १९६३ मध्ये हे गाणं स्वस्तात, घाईघाईने रेकॉर्ड केलं. मूळ गाणं रिचर्ड बेरीचं, पन्नासच्या दशकातलं, एका खलाशाचं साधं विरहगीत. पण गायक जॅक ईलीचे उच्चार इतके अगम्य की ऐकणाऱ्या पोरांनी त्यात हवे ते चावट शब्द ऐकले. पालकांनी तक्रारी केल्या आणि एफबीआयने चौकशी लावली. रेकॉर्ड वेगवेगळ्या गतीवर वाजवून पाहिली. निष्कर्ष निघाला की कुठल्याही गतीवर काही कळत नाही.

हॉट १०० वर ते सहा आठवडे दुसरं होतं. वर आधी 'डॉमिनिक', बेल्जियमच्या एका ननने गिटारवर म्हटलेलं संत डॉमिनिकचं गाणं; मग बॉबी व्हिंटनचं गुळगुळीत प्रेमगीत. ननच्या मागे 'अश्लील' गाणं रांगेत उभं, हा योग पुन्हा आला नाही. तिसऱ्या कडव्याआधी ईली चुकून लवकर गायला सुरू करतो, थबकतो, आणि ड्रमर एक फटकारा मारून ती चूक झाकतो. ती तशीच ठेवली आहे.

क्वीनचं काय? पाचगणीचा मुलगा ना?

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी जन्मला झांझिबारमध्ये, पण शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न येतोच.

ब्रिटनमध्ये क्वीनची 'किलर क्वीन', 'समबडी टू लव्ह', 'वी आर द चॅम्पियन्स' ही तिन्ही गाणी दुसरी आली. त्यातलं 'किलर क्वीन' (१९७४) गिटारसाठी ऐकावं. त्या अल्बमच्या वेळी गिटारवादक ब्रायन मे आजारी, बराच काळ रुग्णालयात. बाकीच्यांनी काम पुढे नेलं आणि त्याने बरा झाल्यावर आपले तुकडे भरले. सोलोत दोन-तीन गिटार एकमेकींच्या मागे धावत येतात, त्या सगळ्या एकट्या त्याच्याच. गिटार वडिलांबरोबर घरी बनवलेली, मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, आणि तारा छेडायला प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेनीचं नाणं. तो जरासा खरखरीत आघात त्या नाण्याचा.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिलं होतं, अमेरिकेत तेव्हा नववं. मग १९९२ मध्ये एका विनोदी चित्रपटात गाडीत बसून माना हलवणाऱ्या पोरांच्या प्रसंगामुळे ते तिकडे पुन्हा वर चढलं आणि दुसऱ्यावर थांबलं. वर होतं क्रिस क्रॉसचं 'जंप', उलटे कपडे घालणाऱ्या दोन लहान रॅपर पोरांचं. महिनाभराने रेड हॉट चिली पेपर्सचं 'अंडर द ब्रिज' आलं, तेही दुसऱ्यावर, आणि वर तेच 'जंप'. तोवर गिटारवादक जॉन फ्रुशान्ते जपानच्या दौऱ्यात बँड सोडून निघूनही गेला होता. गाण्याची सुरुवातीची ती एकटी गिटार त्याची.

एकच गाणं दोनदा दुसरं आलंय का?

आलंय, आणि दोन वेगळ्या बँडकडून.

'लास्ट किस', अपघातात प्रेयसी गेल्याचं रडगाणं, १९६४ मध्ये जे. फ्रँक विल्सन अँड द कॅव्हलियर्सने गायलं. अमेरिकेत दुसरं, वर सुप्रीम्सचं 'बेबी लव्ह'. जवळपास पस्तीस वर्षांनी पर्ल जॅमच्या एडी वेडरला त्याची जुनी रेकॉर्ड सिअॅटलमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडली. बँडने फॅन क्लबच्या सभासदांसाठी नाताळची भेट म्हणून ते रेकॉर्ड केलं. रेडिओवाल्यांनी ते उचललं, मग कोसोव्होच्या निर्वासितांसाठी सिंगल म्हणून विकलं. १९९९ मध्ये पुन्हा दुसरं, या खेपेला वर जेनिफर लोपेझ. पर्ल जॅमचं चार्टवरचं सर्वात मोठं यश म्हणजे हे उसनं गाणं.

ब्रिटनमध्ये 'वंडरवॉल'. ओॲसिसचं मूळ गाणं १९९५ च्या शरद ऋतूत दुसरं, रॉब्सन अँड जेरोम या टीव्ही नटांच्या जोडीमागे. त्याच नाताळात माइक फ्लॉवर्स पॉप्सने त्याची जुन्या हॉटेलातल्या वाद्यवृंदाच्या थाटातली नक्कल काढली. तीही दुसरी, मायकल जॅक्सनच्या 'अर्थ साँग'मागे.

ओॲसिस आणि ब्लर यांच्या लढाईत कोण जिंकलं?

ऑगस्ट १९९५ मध्ये दोघांच्या सिंगल्स एकाच दिवशी आल्या. ब्लरचं 'कंट्री हाउस' सुमारे २,७४,००० प्रती, ओॲसिसचं 'रोल विथ इट' २,१६,०००. ब्लरने दोन वेगवेगळ्या सीडी काढल्या होत्या, म्हणजे पक्का चाहता दोन्ही घेणार. आठवडा ब्लरचा, पुढची दोन वर्षं ओॲसिसची. खरं सांगायचं तर दोन्ही गाणी आपापल्या बँडच्या उत्तम दहात येत नाहीत.

स्प्रिंगस्टीनला एकदाही पहिला क्रमांक मिळाला नाही?

या अमेरिकी रॉक गायकाला स्वतःच्या नावावर हॉट १०० मध्ये नाही. १९८४ मध्ये व्यवस्थापक जॉन लँडाऊ याने 'अल्बममध्ये सिंगल म्हणून चालेल असं गाणं नाही' म्हटल्यावर स्प्रिंगस्टीन चिडला. सत्तर गाणी लिहिलीत, आणखी हवं असेल तर तूच लिही, असं सुनावून तो गेला आणि त्याच रात्री 'डान्सिंग इन द डार्क' लिहिलं. ते चार आठवडे दुसरं राहिलं. आधी ड्युरन ड्युरन पुढे, मग तीन आठवडे प्रिन्सचं 'व्हेन डव्ज क्राय', ज्यात बेस गिटारच नाही. 'बॉर्न इन द यूएसए' अल्बमची सात गाणी पहिल्या दहात गेली, पहिलं एकही नाही. त्याने लिहिलेलं 'ब्लाइंडेड बाय द लाइट' मात्र १९७७ मध्ये पहिलं आलं, मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँडच्या आवाजात.

आणि द हू? टी. रेक्स? स्टेपनवुल्फ?

भराभर: 'माय जनरेशन' (१९६५) सीकर्सच्या मागे ब्रिटनमध्ये दुसरं. 'आय'म अ बॉय' (१९६६) जिम रीव्जच्या मागे. गोव्यात आणि वांद्र्याच्या जुन्या घरांत ज्यांची रेकॉर्ड हमखास सापडते, तेच जिम रीव्ज, आणि तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. टी. रेक्सच्या 'राइड अ व्हाइट स्वान'ला क्लाइव्ह डन नावाच्या विनोदी नटाच्या 'ग्रँडॅड'ने अडवलं, आणि ब्रिटिश माणूस हे अजून विसरलेला नाही. स्टेपनवुल्फचं 'बॉर्न टू बी वाइल्ड' १९६८ मध्ये अमेरिकेत तीन आठवडे दुसरं, रॅस्कल्सच्या मागे. डिलनचं सहा मिनिटांचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' बीटल्सच्या 'हेल्प!'मागे. डेफ लेपर्डचं 'पोअर सम शुगर ऑन मी' १९८८ मध्ये रिचर्ड मार्क्सच्या एका संथ गाण्यामागे.

तो अपवाद कुठला?

गू गू डॉल्सचं 'आयरिस', १९९८. अमेरिकेच्या रेडिओ यादीत अठरा आठवडे पहिलं, हॉट १०० वर नवव्याच्या वर कधीच नाही. कारण निव्वळ नियम. दुकानात सिंगल म्हणून विकायला नसलेलं गाणं तोवर हॉट १०० मध्ये धरतच नसत, आणि कंपन्या लोकांनी पूर्ण अल्बम घ्यावा म्हणून सिंगल काढतच नसत. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला तेव्हा गाण्याचा भर ओसरून गेला होता. उन्हाळ्यात नियम बदलला असता तर हे गाणं या पानावर आलंच नसतं.

'स्टेअरवे टू हेवन' कितव्या क्रमांकावर होतं?

तेव्हा कुठल्याच नाही. लेड झेपलिनने सिंगल म्हणून ते विकायला काढलंच नाही.

गिटार शिकतोय. यातलं आधी काय घेऊ?

'बॅड मून रायझिंग'. डी, ए, जी या तीन कॉर्डमध्ये सगळं गाणं बसतं. उजव्या हाताची गती सुटू देऊ नका, तेवढंच अवघड आहे. मग 'वंडरवॉल': दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, अनामिका आणि करंगळी खालच्या दोन बारीक तारांवर कॅपोपासून तिसऱ्या फ्रेटमध्ये रोवून ठेवा, कडव्यात फक्त उरलेली दोन बोटं हलवा. 'आयरिस'चा नाद इतक्यात नको. त्यात जाडी तार बी मध्ये आणि बाकीच्या डी मध्ये लावतात. नवशिक्याने तसं लावायला घेतलं की एखादी तार तुटतेच.